पालेभाजीतली अँटिऑक्सिडंट दिसतात का?

धडगावच्या बाजारात टाकळा घेताना एका ताईंनी हेच विचारलं. काही नक्की दिसतात!

टाकळ्याची पानं थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कुटा (चुलीपासून लांब), फिल्टर पेपरच्या पट्टीचं टोक त्यात बुडवा. हिरव्या पट्ट्याच्या वर पिवळा चढतो. ती कॅरोटिनॉइड्स, म्हणजे ल्युटीन वगैरे. हिरव्याखाली लपलेली असतात.

लाल माठाचा रंग मात्र बीटासारखाच, बीटालेनचा. पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी फेकू नका.

क जीवनसत्त्वाला रंगच नाही. अशा न दिसणाऱ्या अँटिऑक्सिडंटसाठी प्रयोगशाळेत डीपीपीएच चाचणी करतात: जांभळ्या द्रावणात अर्क टाकला की ते पिवळं पडतं. मला ही चाचणी फार आवडते! पण त्यातून अर्काची एकूण अँटिऑक्सिडंट ताकदच कळते. नेमकं द्रव्य ओळखायला एचपीएलसी यंत्र लागतं.

तुमच्याकडे कोणत्या रानभाज्या येतात? शंका असतील तर जरूर विचारा.