पिल्लू घरी येण्यापूर्वी

दिवाळीच्या सुटीत मुलांनी कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरला, तर ‘नाही’ म्हणू नका. ‘फटाके संपू द्या’ म्हणा. आईपासून नुकत्याच तुटलेल्या जिवाला पहिल्याच रात्री बॉम्बचे दणके ऐकवणे बरे नव्हे.

पिल्लू ८ आठवड्यांचे होण्याआधी आणू नये. ते येण्यापूर्वी वर्दळीपासून दूर एक कोपरा, जुनी गोधडी आणि पाण्याचे पसरट भांडे तयार ठेवावे. विजेच्या वायरी, फिनेलची बाटली त्याच्या तोंडी लागणार नाही असे पाहावे. पहिल्या आठवड्यातच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे व लशींच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

आता केसांविषयी. हौशी मंडळी पिल्लाला उठल्यासुटल्या साबण लावून न्हाऊ घालतात. आपला साबण त्याच्या कातडीला मानवत नाही. ती कोरडी पडते, खाज सुटते. अभ्यंगस्नान आपल्यापुरतेच असू द्या! त्याला हवा मऊ ब्रश, रोज पाच मिनिटे. विंचरताना कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत पाहावे. गोचीड तिथेच दडून बसतात, आणि गोचीडतापाने पिल्लू दगावूही शकते. गोचीड दिसल्यास रॉकेल चोळू नका. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढा.

शेवटी एकच. हट्ट आठवड्याचा असतो. कुत्रे बारा-तेरा वर्षे जगते. तोवर मुले कॉलेजात गेलेली असतील. तेव्हा ब्रश कोणाच्या हाती असणार, हे आधी ठरवा. मग पिल्लू आणा.