स्कोडा मोटार कोणाची?

माझा मामा शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो होतो. रस्त्यावर एक मोटार दिसली, तिच्यावर पंख असलेल्या बाणाचे चित्र होते. मामा म्हणाला, "ही स्कोडा. गाडी चेक लोकांची, मालक जर्मन, अन् जोडतात आपल्या इथं." मला काही समजले नाही. बैल एकाचे, गाडी तिसऱ्याची, असे कसे? म्हणून मामाला अन् गुरुजींना विचारून मी हा लेख लिहिला आहे.

चेक लोकांचा देश युरोप खंडात आहे. तिथे म्लादा बोलेस्लाव्ह नावाचे गाव आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या देशावर ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य होते आणि जर्मन भाषेला मान होता. त्या गावात वाक्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याने एका जर्मन कंपनीची सायकल घेतली. ती बिघडली. त्याने कंपनीला आपल्या चेक भाषेत पत्र लिहिले. कंपनीने उलट उत्तर धाडले, की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा! क्लेमेंटला लई राग आला. त्याने वाक्लाव लाउरिन नावाच्या कारागिराला बरोबर घेतले आणि 1895 साली दोघांनी स्वतःच सायकली बनवायला सुरुवात केली. सायकलीचे नाव ठेवले स्लाविया. पुढे 1899 मध्ये मोटारसायकल आणि 1905 मध्ये मोटार तयार केली. मला हा भाग सगळ्यात आवडला. मी वर्गात दोनदा सांगितला.

1925 साली हा कारखाना पिल्सेन शहरातल्या स्कोडा नावाच्या मोठ्या कारखान्यात मिसळला, म्हणून मोटारीचे नाव स्कोडा पडले. मग महायुद्ध आले. जर्मन सैन्याने देश ताब्यात घेतला आणि कारखान्यात लढाईचे सामान बनू लागले. युद्ध संपल्यावर 1946 साली कारखाना सरकारचा झाला. म्हणजे जशी आपली एसटी सरकारी, तशी. सरकारचा म्हणजे सगळ्या लोकांचा, असे गुरुजींनी सांगितले.

बरीच वर्षे स्कोडाच्या गाडीचे इंजिन मागे असायचे आणि सामान पुढे ठेवायचे. ऐकून मला हसू आले. 1987 साली फेव्हरिट नावाची नवी गाडी आली, तिचे इंजिन पुढे आले. तिचा आकार इटलीच्या कारागिरांनी काढून दिला होता. पण बाहेरच्या देशांतल्या गाड्या तोवर फार पुढे गेल्या होत्या. 1989 साली तिथले राज्य बदलले. नव्या सरकारने बघितले, तर यंत्रे जुनी आणि नवी घ्यायला पैसा नाही. मग भागीदार शोधला. फ्रान्सची रेनो आणि जर्मनीची फोक्सवॅगन अशा दोन मोठ्या कंपन्या शेवटपर्यंत होत्या. डिसेंबर 1990 मध्ये सरकारने फोक्सवॅगनला पसंत केले. स्कोडाचे नाव राहील आणि गाडी तिथेच बनेल, असे ठरले.

आता हिस्सा म्हणजे काय ते सांगतो. एकदम सगळा कारखाना विकला नाही. 1991 साली फोक्सवॅगनला 100 पैकी 30 हिस्से दिले. आमचे आबा आण्यांत हिशेब करतात. ते म्हणाले, "म्हणजे सोळा आण्यांत पाच आणे धर." 1994 साली हिस्सा 60 च्या वर गेला. ज्याचे आठ आण्यांपेक्षा जास्त, त्याचा शब्द चालतो. 1995 मध्ये 70 झाला आणि 2000 साली सगळा सोळा आणे कारखाना फोक्सवॅगनचा झाला.

मधे भांडणही झाले. 1993 साली फोक्सवॅगनने सांगितलेल्या पैशात काटछाट केली, तेव्हा चेक लोक नाराज झाले. पण कारखाना वाढला हेही खरे. 1991 मध्ये वर्षाला सुमारे 1 लाख 72 हजार गाड्या बनत होत्या. 2018 मध्ये साडेबारा लाखांच्या वर गाड्या विकल्या गेल्या. आपल्या शेंद्र्यालाही 2001 साली ऑक्टाव्हिया गाडी जोडायला लागले. तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते, आता छत्रपती संभाजीनगर आहे.

मी हे सगळे आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "आपल्या विहिरीवाणीच झालं की." आमच्या पणजोबांनी 1972 च्या दुष्काळात विहिरीतला बारा आणे हिस्सा विकला. खोल खणायला पैसे नव्हते. ज्याने घेतला त्याने विहीर खणली, इंजिन बसवले, पाणी लागले. आमच्या पाळीला आम्हालाही पाणी मिळते. विहिरीला लोक अजून आमच्याच घराण्याचे नाव घेतात. मी म्हणालो, "मग चांगलंच झालं ना आबा? नाही विकली असती तर कोरडीच राहिली असती." आबा म्हणाले, "चांगलं झालं. पण माझा बाप पुन्हा त्या वाटेनं गेला नाही."

मला वाटते विकले ते बरोबर केले, कारण कामगारांची कामे राहिली. पण क्लेमेंटला जर्मन कंपनीचा राग आला होता आणि शेवटी कारखाना जर्मन कंपनीलाच गेला. त्याला हे कळले असते तर तो काय म्हणाला असता, हे मी मामाला विचारले. मामा म्हणाला, "तो म्हणला असता, माझं पत्र आधी वाचा."

खाली मी बाणाचे चित्र काढले आहे. पंखाला तीन पिसे असतात. आमच्या ताईला ती कोंबडीची वाटली, पण ती बाणाचीच आहेत.

– इयत्ता चौथी