रूट कॅनलनंतर काळवंडणारा दात

रूट कॅनल केलेला पुढचा दात काही महिन्यांनी राखाडी दिसू लागला, की माणूस हसताना नकळत ओठ मिटून घेतो. दात पुन्हा किडला, असं त्याला वाटतं. पुष्कळदा डाग आतल्या मसाल्याचा असतो. दाताच्या मुळात भरलेलं गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) आणि ते चिकटवणारं सीलर हिरडीच्या वर, दाताच्या पोकळीत उरलं तर त्याची छटा बाहेर दिसते. मुळात काही वेळा वापरतात त्या एमटीए सिमेंटमधलं बिस्मथ ऑक्साइड तर मुळातली नळी धुण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटला लागताच गडद तपकिरी होतं. म्हणून काही नव्या सिमेंटांत झिर्कोनियम ऑक्साइड घालतात. नळीत घातलेली, मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक असलेली पेस्टही डाग पाडते. डाग टाळायचा तर भरण हिरडीच्या कडेखाली सुमारे २ मिलिमीटरपर्यंत काढून पोकळी स्वच्छ पुसणं, हे काम घाईत कधीच उरकू नये. डाग पडलाच, तर कॅप बसवण्याआधी आतून ब्लीचिंग करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.