विश्वास दूरचा, शंका घरची

हिंजवडीतील एखादा संगणक अभियंता शिकागोतील बँकेची प्रणाली सांभाळतो, तेव्हा ग्राहक आणि काम करणारा यांच्यात महासागर असतो आणि घड्याळात सुमारे ११ तासांचे अंतर असते. ग्राहकाने त्या अभियंत्याला बहुधा प्रत्यक्ष पाहिलेलेही नसते. तरीही काम ठरल्या वेळी पूर्ण होते, त्याचे मोजमाप होते आणि मोबदला डॉलरमध्ये जमा होतो. हाच अभियंता आठवड्यातले तीन दिवस साताऱ्याच्या घरून काम करण्याची परवानगी मागतो, तेव्हा मात्र व्यवस्थापनाच्या कपाळावर आठ्या उमटतात. ज्या उद्योगाने दूर बसून केलेले काम जगाला विकून नाव कमावले, त्यालाच शंभरेक किलोमीटरचे अंतर का खुपावे? हा प्रश्न केवळ हजेरीपुस्तकाचा नाही. जागतिक व्यापाराचे वारे फिरू लागल्यापासून तो रोजगाराचाही झाला आहे.

माणूस जाणार की काम?

सुरुवातीच्या काळात भारतीय सॉफ्टवेअरची निर्यात म्हणजे मुख्यतः माणसांची निर्यात होती. अभियंत्याला विमानात बसवून परदेशी ग्राहकाच्या कार्यालयात पाठवायचे, ही तेव्हाची रीत. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळुरूत केंद्र स्थापन केले आणि उपग्रहाच्या दुव्यावरून काम साता समुद्रापार पाठवता येते, हे दाखवून दिले. पुढे १९९१ मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या सरकारी संस्थेने हीच सोय लहान कंपन्यांच्या आवाक्यात आणली. पुणे हे या योजनेच्या अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी एक.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेचा सेवा व्यापारविषयक करार अमलात आला. या कराराने सेवांच्या व्यापाराचे चार मार्ग मानले आहेत. पहिल्यात केवळ सेवा सीमा ओलांडते. दुसऱ्यात ग्राहक सेवेकडे जातो. तिसऱ्यात कंपनी परदेशात शाखा उघडते आणि चौथ्यात सेवा देणारा माणूस तात्पुरता परदेशी जातो. भारताने वाटाघाटींत चौथ्या मार्गासाठी, म्हणजे व्हिसासाठी, वर्षानुवर्षे आग्रह धरला. प्रत्यक्षात उद्योग पसरला तो मुख्यतः पहिल्या मार्गाने. जगाच्या दृष्टीने भारतीय अभियंता फार पूर्वीपासून 'घरूनच' काम करत होता. फरक इतकाच की, त्याच्या 'घराला' काचेच्या भिंती आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासणारे यंत्र होते.

कायद्याच्या नजरेतील घर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लाखो कर्मचारी आपापल्या घरी गेले. त्या वेळी कायद्यातील एक विचित्र अडचण समोर आली. विशेष आर्थिक क्षेत्र हा २००५ च्या कायद्यानुसार सीमाशुल्कापुरता देशाच्या हद्दीबाहेरचा प्रदेश मानला जातो. हिंजवडीतील काही संकुले अशाच क्षेत्रांत आहेत. तेथे शुल्कमाफीने आलेला संगणक कोथरूडच्या सदनिकेत न्यायचा, तर कायद्याच्या नजरेत तो सीमा ओलांडतो. म्हणून त्याची नोंद आणि परवानगी आली. दूरसंचार खात्याचे नियमही घरून कामासाठी अनामत मागत. ही अट महामारीत शिथिल झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नियमांची चौकटच सुटसुटीत करण्यात आली. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठीचा स्वतंत्र नियम मात्र जुलै २०२२ मध्ये आला. त्यात निम्म्या कर्मचाऱ्यांना एक वर्षासाठी घरून कामाची मुभा होती. पुढे ती आणखी सैल करण्यात आली. करसवलत जागेला बांधलेली आणि काम मात्र जागेपासून सुटलेले, असा हा पेच होता.

शंका निराधार नाही

व्यवस्थापनाची शंका हा निव्वळ जुनाट हट्ट आहे, असे म्हणून चालणार नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत आपल्या जेमतेम २५ टक्के कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्याची गरज उरेल. त्याच कंपनीने २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावले. दरम्यान सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करणाऱ्या ३०० जणांना कमी केल्याचे जाहीर केले आणि अविश्वासाला ठोस निमित्त मिळाले.

अभ्यासांचा कौलही एकतर्फी नाही. एका मोठ्या आशियाई माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या १० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. महामारीत घरून काम करताना कामाचे तास वाढले, पण दर तासाचे फलित ८ ते १९ टक्क्यांनी घटले. बराच वेळ बैठका आणि समन्वय यांत गेला. घरी मुले असणाऱ्यांची घट अधिक होती. उलट स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत वा बढतीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. पहिल्या प्रसंगी सर्वांना एका रात्रीत घरी पाठवले गेले होते, तर दुसऱ्यात घरचे आणि कार्यालयाचे दिवस आखून दिलेले होते. तात्पर्य, फरक घर की कार्यालय असा नसून आखणीचा आहे.

भारतीय उद्योगाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. अनेक कंत्राटे आजही माणसे आणि तास मोजून होतात. जेथे तासच विकला जातो, तेथे तो डोळ्यांसमोर भरलेला पाहण्याची सवय लागते. शिवाय नवशिका अभियंता शेजारच्या अनुभवी सहकाऱ्याकडून नकळत जे शिकतो, ते पडद्यावरच्या बैठकीत सहजी मिळत नाही. कार्यालयाच्या बाजूने हा सर्वांत सबळ मुद्दा आहे.

दोन भिंती

आता परदेशांतील हालचाली पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा सॉफ्टवेअरला त्याची झळ बसली नाही. शुल्क बंदरात वसूल होते आणि सॉफ्टवेअर बंदरात उतरत नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी जाहीर झाली. ही माणसासाठीची भिंत. माणूस अडला की काम तारेवरून जाणार, हे उघड आहे. भारतात २०२४ मध्येच परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक स्वतःची केंद्रे होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. त्यामुळे ही वाट नवी नाही.

मात्र तारेसाठीही भिंतीचा पाया खणला जात आहे. सप्टेंबर २०२५ मध्येच सिनेटर बर्नी मोरेनो यांनी परदेशी सेवांसाठी दिलेल्या मोबदल्यावर २५ टक्के कर सुचवणारे विधेयक मांडले. विधेयक मांडणे म्हणजे कायदा होणे नव्हे. पण अमेरिकेच्या करकायद्यात एक भेद आधीच रुजला आहे. जुलै २०२५ च्या सुधारणेनुसार देशांतर्गत संशोधन आणि सॉफ्टवेअर निर्मितीचा खर्च त्याच वर्षी वजा करता येतो, तर परदेशात केलेला खर्च १५ वर्षांत विभागावा लागतो.

अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००६ मध्येच 'फॉरिन अफेअर्स'मध्ये इशारा दिला होता. पुढील काळातील दुभंग शिकलेले आणि अशिक्षित यांच्यात नसेल, तर तारेवरून पाठवता येणारे काम आणि समक्षच करावे लागणारे काम यांच्यात असेल, असे त्यांचे म्हणणे होते. तो इशारा श्रीमंत देशांतील नोकरदारांसाठी होता. आज तो पुण्यालाही लागू पडतो. जे काम साताऱ्याहून होऊ शकते, ते मनिलाहून वा वॉर्सातूनही होऊ शकते.

म्हणूनच घर की कार्यालय हा वाद उद्योगाने हजेरीच्या पातळीवर सोडवून भागणार नाही. नवशिक्यांनी अनुभवी सहकाऱ्यांसोबत बसावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण मग ते अनुभवी सहकारीही त्या दिवशी तेथे हवेत. उरलेल्या दिवसांचे माप खुर्चीवरच्या तासांवरून नव्हे, तर पूर्ण झालेल्या कामावरून घ्यायला हवे. दुरून केलेल्या कामावर भिंत उभारू नका, असे जगाला सांगायचे असेल, तर अशा कामावर आपलाही विश्वास आहे, हे आधी आपल्याच कर्मचाऱ्याच्या बाबतीत दिसायला हवे.