दाणा चोचीत जावा, उकिरड्यात नको



गेल्या पावसाळ्यात आम्ही डोंबिवलीला नातलगांकडे गेलो होतो. आपल्या एका सभासदाची लेक कल्याणजवळच्या खेड्यात दिली आहे. परतताना तिच्याकडे डोकावलो. परसात वीसेक गावठी कोंबड्या आणि भरड्याची उघडी परात. कोंबड्या परातीतच उभ्या राहून उकरत होत्या, भरडा चिखलात जात होता. वर कावळे-चिमण्यांची पंगत! "काका, खातात किती अन् सांडतात किती, तुम्हीच बघा," ती म्हणाली.

हिशेब सोपा आहे. कोंडून पाळलेली मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. वीस कोंबड्यांमागे रोज पाव किलो जरी सांडले, तरी वर्षाला ९० किलो मातीत गेले.

पण खरा धोका पुढेच. ओल्या मक्याला व शेंगदाणा पेंडीला बुरशी लागते, तिचे विष यकृतावर जाते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीच्या पेंडीमुळे एक लाखावर टर्की पक्षी मेले होते. दाणा वाळवला म्हणून हे विष जात नाही. शिवाय सांडलेल्या दाण्यावर रानपाखरे येतात, घुशी येतात, अन् रोग आणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला. तेव्हा आसपासच्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

जावईबापूंना हाताशी घेऊन आम्ही तिथेच खाद्यपात्र केले. खाद्यतेलाचा १५ किलोंचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. धुऊन वाळवला. बुडाशी चारही बाजूंना २ इंच रुंद, १ इंच उंच अशा खिडक्या कापल्या. धारदार कडा पकडीने आत दुमडल्या, नाहीतर कोंबडीची मान कापते. डबा परातीच्या मधोमध नटबोल्टने पक्का केला. परात डब्यापेक्षा चहूबाजूंनी ३ इंच मोठी असावी. वर घट्ट झाकण लावले आणि पडवीत, पागोळीपासून दूर, वाशाला दोरीने टांगले. परातीचा काठ कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवावा, म्हणजे तिला खाता येते, उकरता येत नाही. परातीत दाणा एक तृतीयांशावर साचू लागला, तर खिडकीवर पत्र्याची पट्टी लावावी.

निगा अशी: पावसाळ्यात एका दिवसापुरतेच भरावे. रात्री पात्र घरात घ्यावे. आठवड्यातून एकदा रिकामे करून धुवावे व कडक वाळल्याशिवाय भरू नये. गाठी झालेला, कुबट वासाचा दाणा सरळ पुरून टाकावा. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास लगेच कळवावे.

आणि एक कळकळीचे सांगणे. तणनाशकाचा वा कीटकनाशकाचा रिकामा डबा, लेबलवरचा त्रिकोण कोणत्याही रंगाचा असो, कितीही धुतलेला असो, खाद्यपात्राला वापरू नका. त्या कोंबडीचे अंडे आपल्याच पोराच्या ताटात येणार आहे.

उसाला पाणी मुळाशी, तसा कोंबडीला दाणा चोचीशी. डबा तर घरोघरी पडलेलाच आहे, येत्या रविवारी करून पाहा.

— ऊस विकास अधिकारी