दोन लाखांत कॉलेजला जायला गाडी : मजा पण हवी आणि खर्चही झेपला पाहिजे

अॅडमिशनचे दिवस आले की तालुक्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गर्दी वाढते. पोरगं किंवा पोरगी इंजिनिअरिंगला, फार्मसीला, नर्सिंगला लागलेली असते. कॉलेज पंचवीस-तीस किलोमीटरवर. एसटीचा सवलतीचा पास आहे, पण सकाळची गाडी चुकली की दुसरी दोन तासांनी, आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली. मोटारसायकल आहे, पण पावसात आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या दिवसांत रात्री तिच्यावर पोरं पाठवायला घरच्यांचा जीव होत नाही. मग डाळिंबाचे नाहीतर उसाचे पैसे आले की विषय निघतो, एखादी जुनी फोर व्हीलर बघू का?

बघा, पण आधी हिशोब करा. गाडीची किंमत एकदाच जाते, पेट्रोल रोज जातं.

कॉलेज २५ किलोमीटरवर धरा. जाऊन येऊन ५०, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १२५० किलोमीटर. जुनी पेट्रोल गाडी आपल्या रस्त्यांवर लिटरला १८ दिली तरी पुष्कळ. म्हणजे ७० लिटरच्या आसपास पेट्रोल, लिटर १०५ रुपये धरलं तर ७३०० रुपये महिना. एकट्या पोरासाठी हे कुठल्याच घराला परवडत नाही, खरं बोलायचं तर. त्याच गावातली चार जणं मिळून गेली तर माणशी १८०० च्या आसपास पडतात, तेव्हा कुठे गणित बसतं. मित्रांनी पेट्रोल वाटून घेणं वेगळं आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं वेगळं. दुसरं केलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

दुसरी गोष्ट, बजेट दोन लाख असेल तर गाडी दोन लाखांची बघायची नाही. एक लाख सत्तर हजारांपर्यंत बघायची. उरलेले तीस हजार नाव बदलणं, विमा, ऑइल, बॅटरी, टायर यात पहिल्या दोन महिन्यांत जातातच. कमीत कमी विमा म्हणजे थर्ड पार्टी. त्याचा दर सरकारने जून २०२२ मध्ये ठरवला तो असा : १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३४१६ रुपये, जीएसटी वेगळा. मोठ्या इंजिनाचा फरक इथूनच सुरू होतो आणि टायर, क्लच सगळीकडे दिसत राहतो.

आता गाडी कोणती, हा पोरांचा आवडता विषय.

पोरांना मजा हवी असते आणि बापाला अॅव्हरेज. दोघांचं भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. चालवायला मजा येते ती हलक्या गाडीत, नुसत्या ताकदीच्या नाही. २०१० साली आलेली अल्टो के१० घ्या. ९९८ सीसीचं इंजिन, ६८ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, आणि गाडीचं वजन साडेसातशे किलोच्या घरात. साध्या अल्टो ८०० ला ७९६ सीसी आणि ४७-४८ हॉर्सपॉवर. चार माणसं बसवून घाट चढताना हा फरक पायाला कळतो. के१० दुसऱ्या-तिसऱ्यावर पळत जाते, ८०० ला मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून पुष्कळ जण फसतात किंवा फुकट जास्त पैसे देतात. आरसीवर सीसी लिहिलेली असते, ती वाचा.

स्विफ्ट सगळ्यांनाच हवी असते. २००५ मध्ये आली तेव्हापासून गावातल्या पोरांच्या डोक्यात तीच आहे, आणि गाडी आहेच तशी. स्टेअरिंग नेमकं, वळणावर गच्च बसते. १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन २०१० मध्ये आलं, ते घ्यावं. त्याआधीचं १३०० सीसीचं पितं जास्त. डिझेल स्विफ्टमध्ये फियाटच्या डिझाइनचं १.३ इंजिन. टर्बो लागला की जो धक्का बसतो त्यावरच पोरं भाळतात. पण दोन लाखांत मिळणारी डिझेल स्विफ्ट बहुतेक दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली असते, मीटर काहीही सांगो. टर्बो आणि इंजेक्टर निघाले की चाळीस-पन्नास हजारांची गोष्ट. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. रोज शंभर किलोमीटर असेल तर डिझेलचा विचार करा, पन्नासला पेट्रोलच बरी.

माझं मत विचाराल तर या बजेटमध्ये सगळ्यात शहाणी गाडी वॅगन आर, २०१० नंतरची, तिच्यात के१० चंच इंजिन आहे. उंच आहे, आजीला बसता-उठता येतं, मागची सीट पाडली की खताच्या पिशव्या नाहीतर डाळिंबाचे क्रेट बसतात. पोरं नाकं मुरडतात, डबा म्हणतात. ह्युंदाईची आय१० पण चांगली, त्यातही १.२ कप्पा इंजिनची. गिअर लोण्यासारखे पडतात आणि आतलं काम मारुतीपेक्षा नीटनेटकं.

फोर्ड फिगो आणि शेवरोले बीट या बाजारात स्वस्तात दिसतात. चालवायला फिगो या सगळ्यांत भारी, हे मान्य. पण शेवरोलेने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं. मारुतीचा पार्ट तालुक्याच्या दुकानात संध्याकाळपर्यंत मिळतो. या गाड्यांचा पार्ट पुण्याहून मागवायचा आणि चार दिवस गाडी दारात. परीक्षेच्या आठवड्यात हे परवडत नाही.

सीएनजीचा मोह सगळ्यांनाच होतो. घेणार असाल तर किटची नोंद आरसीवर आहे का बघा. बाहेरून बसवलेलं आणि नोंद नसलेलं किट असेल तर विमाही अडतो आणि पासिंगही. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा. आणि कॉलेजच्या वाटेवर पंप आहे का हे आधी बघा. तासभर रांगेत उभं राहायचं असेल तर वाचलेल्या पैशाला अर्थ नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आपल्याच उसाचं म्हणा. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्या हिशोबाने बनवलेल्या नाहीत. अॅव्हरेज थोडं कमी धरा आणि जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप मिस्त्रीला एकदा तपासायला सांगा.

आता जरा कडू विषय. बातमीसाठी अपघाताच्या ठिकाणी जावं लागतं, म्हणून हे लिहितोच. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये भारतातल्या गाड्या आपटून बघितल्या. एअरबॅग नसलेल्या अल्टो ८००, आय१०, नॅनो, फिगो यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले, त्याच वर्षी स्विफ्टलाही. चालकाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. म्हणजे दोन लाखांत मिळणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या. तरी त्याच वर्षांतल्या काही वरच्या मॉडेलना दोन एअरबॅग आणि एबीएस होते. दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी असली गाडी शोधा, अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टीमवर ते पैसे घालू नका. मागच्या सीटचे बेल्ट सीटखाली दाबून ठेवलेले असतात, ते बाहेर काढून घ्या.

गाडी बघायला जाताना सकाळी जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थंड इंजिनाचा काहीतरी दोष लपवलाय असं समजा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उचललं पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केटचा संशय. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ चिकटा दिसला तर तिथूनच परत या. बॉनेटच्या आणि दरवाज्यांच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा असतील तर पत्रा काढून काम झालेलं आहे. टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतंय, टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, तर मीटर मागे फिरवलंय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गाडीचा नंबर देऊन शेवटच्या सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते विचारा.

पुरातली गाडी ओळखता आली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा हजारो गाड्या पाण्यात होत्या. धुऊन-पुसून त्यातल्या काही बाजारात आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, टोकाला गाळाचा पट्टा दिसतो. स्टेपनीच्या खड्ड्यातली चटई उचला, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज बघा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही. असल्या गाडीचं वायरिंग वर्षभर चालतं आणि मग रोज काहीतरी नवीन.

आणि चालवून बघताना डांबरी रस्त्यावर नाही, आपल्या कच्च्या रस्त्यावर घ्या. बॉल जॉइंट, बुश, शॉकअप यांचा खडखडाट तिथेच ऐकू येतो. मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला पाचशे रुपये दिले तर काही बिघडत नाही.

कागदाचं काम मात्र पोरांवर सोडू नका. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असतो. तो असेल तर कंपनीची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म मिळाल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी, फिटनेसच्या तारखा दिसतात. चालान किती थकलेत तेही बघून घ्या आणि विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या. आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आलेली असेल तर पुढच्या पाच वर्षांसाठी फिटनेस काढून नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून कारला त्याची फी ५००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या कारला आता १०,००० रुपये. वर पर्यावरण कर. म्हणून २०१० ची गाडी स्वस्त वाटली तरी हा आकडा तिच्या किमतीत मिळवून बघा.

दिल्ली पासिंगच्या गाड्या तर डोळे दिपवतात. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून तिकडचा माल इकडे येतो. चकचकीत डिझेल गाडी निम्म्या भावात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन एमएच नंबर हे सगळं तुमच्या गळ्यात. एनओसी हातात नसेल तर ती गाडी म्हणजे दारात उभं केलेलं भंगार.

नाव बदलणं ही आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय आहे. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन कपाटात ठेवतात आणि वर्षानुवर्षं गाडी दुसऱ्याच्या नावावर पळते. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की आरटीओत ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडे. त्या प्रकरणात गाडी पुढे हातोहात विकली गेली होती, तरी पहिल्या नोंदीवरचा माणूस सुटला नाही. म्हणजे विकणाऱ्यालाही हे ऐकवा, तो स्वतःच धावत आरटीओला येईल. विम्याचंही तसंच. १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो.

पोरगं अकरावी-बारावीत असेल आणि अठरा पूर्ण नसतील तर गाडी घरीच राहू द्या. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. अठरा झाल्यावर लर्निंग काढा, तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. गाडी शोधायला तसेही महिना-दीड महिना लागतोच.

आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी बसवलेली आहे का, हे व्यवहार ठरवतानाच बघा. नसेल तर विकणाऱ्यालाच बसवून द्यायला सांगा.