सर्पदंशाचा अपुरा हिशेब

पावसाळा लागला की खारघरच्या डोंगराकडे मुंबईकरांचे लक्ष जाते ते पांडवकड्याच्या धबधब्यामुळे. याच दिवसांत बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडतात, याची धास्ती मात्र डोंगरावरील आदिवासी वाड्यांना असते. पायथ्याशी सिडकोने वसविलेले नगर आहे, तेथे रुग्णालयेही आहेत. प्रश्न आहे तो वाडी आणि रुग्णालय यांच्यामधील वेळेचा.

इसवी सन २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने दगावले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा भयंकर खराच; परंतु तो केवळ मृतांचा आहे. जे वाचले, त्यांचे काय? घोणसाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नागाच्या दंशाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, शिवाय दंशाभोवतीचे मांस सडून कधी बोटही गमवावे लागते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावते. वेदना जवळजवळ नसते आणि पहाटे पापण्या मिटू लागतात.

प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते. झालेली इजा ते भरून काढीत नाही. म्हणूनच मांत्रिकाकडे वा करकचून दोरी बांधण्यात गेलेला तास सर्वांत महाग पडतो. रक्त गोठते की नाही, हे काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत २० मिनिटे ठेवून आरोग्य केंद्रातही पाहता येते. या चाचणीस खर्च जवळजवळ नाही. ती वेळेवर न झाल्यास मजुराच्या कुटुंबाला रक्तशुद्धीकरणासाठी शहरात खेपा घालाव्या लागतात. मजुरी बुडते व कर्ज होते.

राज्याच्या अपघात अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू पावलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. ते योग्यच आहे. परंतु मरणानंतर मदत करणाऱ्या शासनाने मरण व अपंगत्व टाळण्यासाठी आधी खर्च करणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय? २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०२४ साली जाहीर केले. ते साधावयाचे तर प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रतिविष, ते टोचण्याचे धैर्य असलेला प्रशिक्षित डॉक्टर आणि तयार रुग्णवाहिका हवी. आणि नोंदवहीत मृतांबरोबर जायबंदी झालेल्यांचीही नोंद हवी. ज्याची मोजदाद होत नाही, त्याची तरतूदही होत नाही.